खिळीतलं कुंकू

अंताकाका परब सलग दोन मिनिटं स्वस्थ बसलेत, असं मी कधी पाहिलं नाही. चहा पिताना त्यांचा डावा हात कपाला असायचा आणि उजवा पँटच्या खिशावरून फिरत असायचा. खिशातला चाकू जागेवर आहे ना, एवढंच तो हात बघायचा. आहे म्हटल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण कपातला चहा संपेपर्यंत दुसरी तपासणी झालेली असायची. साहेब समोर उभे असोत, देवळातली रांग असो, कोणाच्या तेराव्याला बसलेले असोत, हात खिशाकडे जाणारच. नवीन माणसाला वाटायचं, काकांना खरूज झाली आहे.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे आमच्या कंपनीचं गोदाम होतं. अवजड यंत्रं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन बसवायची, हा आमचा धंदा. जिथे क्रेन शिरत नाही तिथे दोर, कप्प्या, पाइप आणि माणसं शिरतात. त्या माणसांना खलाशी म्हणतात, मग त्यांनी समुद्र फक्त चौपाटीवरून पाहिलेला असला तरी. अंताकाका या खलाशांचे मुकादम आणि मी गिरगावातून डिप्लोमा घेऊन आलेला, कागदावर वजनं आणि कोन मांडणारा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातली तीन पेनं पाहिली आणि विचारलं, "आणि कापायला काय आणलंस?" काही नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग अर्धाच आलास." तेव्हापासून मी त्यांचा 'गिरगावकर' झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, कोण जाणे.

तो चाकू घडीचा होता, वितीहून लहान. काळ्या लाकडाची मूठ घामाने गुळगुळीत झालेली. जवळच्या दारूखान्याच्या बाजारात मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकतात, तिथून काकांनी तो उचलला होता. पात्यावर अंगठ्यासाठी एक बारीक गुंडी होती, ती त्यांनी एका लेथवाल्याला चार दिवस हैराण करून बसवून घेतली होती. त्या गुंडीवर अंगठा रेटला की खट आवाज व्हायचा आणि पातं बाहेर आलेलं असायचं. येताना ते दिसायचंच नाही. मग दुसरा खट, चाकू बंद. दिवसभर हे चालू. गोदामातल्या मांजराने त्या आवाजाला कान हलवणंसुद्धा सोडून दिलं होतं. हा चाकू आहे की चाळा, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, हा सराव आहे, अंगठा विसरभोळा असतो.

मलाही चाकू हवा, हे त्यांनीच ठरवलं. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर मला नागदेवीला घेऊन गेले. तिथे दोरखंडांपासून नटबोल्टांपर्यंत सगळं मिळतं, आणि सगळ्या दुकानदारांनी अंताकाकांना कधी ना कधी भोगलेलं होतं. आम्हाला पाहून एकाने आपणहून स्टूल पुढे केलं, म्हणजे लवकर सुटका नाही हे त्याला कळलं होतं. त्याने चाकू पुढे केला तर काका घेईनात. फळीवर ठेव म्हणाले. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, ही कोकणातली समजूत त्यांनी आयुष्यभर पाळली. त्यांचा चाकू कोणी मागितला तरी आधी जमिनीवर ठेवायचे, मग समोरच्याने उचलायचा. तसे मागणारे फार नव्हतेच, कारण दिल्यावर काका त्याच्या डोक्यावर उभे राहायचे.

मी बिचारा पात्यांची चमक बघत होतो. काकांनी माझ्या हातातला चाकू फळीवर ठेवायला लावला.

"पात्याकडे सगळेच बघतात. तू खिळीकडे बघ. पातं आणि मूठ जिथे जोडलीत ना, ती खीळ. धार गेली तर घासून आणता येते. खिळीत जीव नसेल तर पातं सोन्याचं असून उपयोग नाय. चाकूचा सगळा जीव खिळीत."

मग परीक्षा सुरू झाली. पातं चिमटीत धरून कानाजवळ हलवायचं, डुगडुगलं की चाकू बाद. पात्याची पाठ फळीवर दाबायची, खटका सुटून पातं मिटलं तर बाद, कारण असा चाकू पहिलं बोट मालकाचंच घेतो. उरले त्यांतले उजव्या अंगठ्याने उघडायचे, मग डाव्या, मग डोळे मिटून. एवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. काकांनी दुकानदाराकडून मशीनचं तेल मागितलं, माझी बोटं त्यात बुडवली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावलं. साईटवर काय साबणाने हात धुऊन उभा राहणार आहेस, असं वर विचारलं. दुकानदाराने मध्येच एक काळा, झगमगीत चाकू दाखवला. त्याला करवत होती, बाटली उघडायची सोय होती, मुठीत होकायंत्र होतं. काकांनी तो दोन बाजूंनी पाहिला आणि हे कपाट कोणासाठी, असं विचारून बाजूला सारला. अडीच तासांनी आम्ही एक साधा, पोलादी मुठीचा चाकू घेऊन निघालो. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला तो इतक्या वेळा उघडायला लावला की शेजारच्या सीटवरची बाई उठून पुढे जाऊन बसली.

मी गिरगावातला, कुठल्याही गोष्टीचं कारण विचारणारा. एवढी घाई कशासाठी, चाकू दोन सेकंद उशिरा उघडला तर असं काय आभाळ कोसळणार आहे, असं मी काकांना विचारलं. त्यांनी उत्तरादाखल चाकू उघडून मिटला. बोलले तरी त्यांचा समोरचा अर्धा तुटलेला दात शब्दांतली हवा खायचा. कारण मला सांगितलं ते रघूमामांनी.

रघूमामा म्हणजे काकांचे मेहुणे, सुमतीकाकूंचे धाकटे भाऊ. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. त्यांच्या उजव्या हाताला फक्त अंगठा होता. बाकीची चार बोटं नव्हती. तरीही माणूस कमालीचा निवांत. हजेरीचं नवीन यंत्र आलं तेव्हा तेच सगळ्यांना सांगत होते, "देवाक सगळा ठाऊक होता बघ. चार बोटां नेल्यान, पण कंपनीक लागतलो म्हणून अंगठो ठेवल्यान."

त्यांची बोटं गेली ती एका बंद पडलेल्या गिरणीत, माग हलवताना. वजन ओढायचं तेव्हा दोराचे तीन वेढे विंचच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या रहाटाच्या, पिंपावर घ्यायचे, दोघांनी दांडा फिरवायचा आणि दोराचं सुटं टोक मुकादमाने हातात ताणून धरायचं, अशी आमची पद्धत. ते टोक सुटलं तर वजन उलटं जातं. त्या दिवशी टोक काकांच्या हातात होतं. रघूमामांचा पंजा दोराखाली आला आणि अडकला. दोर कापला असता तर माग मागे गेला असता, पण रघूमामांच्या मनगटाला दुसरी एक दोरी गुंडाळलेली होती, तीच त्यांना आत खेचत होती, आणि ती कापणं शक्य होतं. काकांच्या खिशात चाकू होता. तो नखाने उघडायचा, दोन हात लागणारा. एक हात तर टोकाला गुंतलेला. काका दातांनी उघडायला गेले. दात तुटला, पातं उघडलं, दोरी कापली गेली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

रघूमामांनी हे सगळं पान लावता लावता, दुसऱ्याची हकिगत सांगावी तसं सांगितलं. भावजींना त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटतं, काकांना तेच पेलत नव्हतं. दोघे करी रोडच्या एकाच चाळीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचे. दर भाऊबीजेला सुमतीकाकू भावाला ओवाळायच्या आणि तो डाव्या हाताने ओवाळणी घालायचा, तेव्हा काका गॅलरीत जाऊन उभे राहायचे. हे काकूंनीच मला पुढे सांगितलं. म्हणजे त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. पुन्हा कोणासाठी तरी चाकू काढायची वेळ येईल आणि तेव्हा आपल्याला उशीर होता कामा नये. ती वेळ केव्हा येईल, हे ठाऊक नसल्यामुळे ते सदानकदा तयार असायचे.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. गिरगावातला हॉल, मंगलाष्टकं संपलेली, माळा घालून झालेल्या. तेवढ्यात बायकोच्या मुंडावळीची लड तिच्याच कानातल्या झुमक्यात गुंतली आणि लडीचं टोक माझ्या हाराच्या जरीत. मी मान हलवली की तिची पाळी ताणली जायची. चार बायका चार बाजूंनी सोडवू लागल्या, त्यामुळे गुंता वाढला. फोटोग्राफर आम्हाला हसायला सांगत होता. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाचव्या रांगेतून एक काळासावळा गृहस्थ थेट आमच्या रोखाने येताना दिसला. खट आवाज झाला. नवरीपुढे उघडा चाकू पाहून सासरे खुर्चीवरून उठले, आणि ते पुरते उभे राहीपर्यंत मुंडावळीचा दोरा कापून चाकू खिशात गेलासुद्धा होता. माझी आत्या मात्र भडकली. शुभकार्यात दोरा कापतात का, एवढी काय घाई होती, म्हणून तिने काकांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. काका एरवी परक्यांशी नीट मुंबईचं मराठी बोलायचे. चिडले की मालवणी यायची.

"दोरी तुटली तर परत बांधतली. कान तुटलो तर कोण बांधतलो?"

पंगतीला ते बसलेच नाहीत. जेवणाच्या दाराशी उभं राहून पुरणपोळीची घडी हातावर घेऊन खाल्ली आणि गेले. पुढे माझी बायको दर दिवाळीला न चुकता त्यांच्या घरी फराळाचा डबा पाठवायची. माझ्या ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाची चौकशी तिने कधी केली नाही.

दिवस बदलले. गिरण्या रिकाम्या करून संपल्या, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि आम्ही त्याच जागांवर, आता तळघरांत जनरेटर आणि एसीची धुडं बसवायला जाऊ लागलो. कंपनीत सुरक्षा अधिकारी आली. पूर्वा मॅडम, दादरची, हुशार आणि मनाने चांगली. तिने सगळ्यांना हेल्मेट दिलं, बूट दिले, गळ्यात फितीला अडकवलेलं ओळखपत्र दिलं, आणि खिशातले चाकू बंद केले. कापायला कटर मिळेल, तो रघूमामांकडून सही करून न्यायचा. अंताकाकांचा चाकू एका झटक्यात उघडतो हे पाहून ती दचकलीच होती. असला चाकू बाळगणं धोक्याचं, उद्या पोलिसांनी हटकलं तर, असं तिने समजावलं.

"मॅडम, लवकर उघडला तर पोलीस, उशिरा उघडला तर डॉक्टर," काका म्हणाले. "मला पोलीस चालतील."

नियम म्हणजे नियम. काकांनी मान डोलावली आणि चाकू खिशातून मोज्यात गेला. त्यामुळे ते थोडे लंगडू लागले. मॅडमने गुडघ्यासाठी आईने काढलेलं कसलंसं तेल आणून दिलं, आणि काका ते महिनाभर इमानदारीने घरी नेत राहिले. तिला खरं कारण कधी कळलं मला माहीत नाही. पण तिसऱ्या बाटलीनंतर तिने गुडघ्याची चौकशी बंद केली आणि काकांचा चाकू पुन्हा खिशात आला.

काकांच्या निवृत्तीला महिना राहिला होता तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला आमच्या गोदामात हत्यारांची पूजा व्हायची. कप्प्या, साखळ्या, दोरांची वेटोळी, विंच, सगळं धुऊन पुसून मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं. पूजा रघूमामा करायचे. पूजेला लावलेलं हत्यार दसरा उलटेपर्यंत उचलायचं नाही, हा शिरस्ता. म्हणूनच काकांनी आपला चाकू कधी पूजेत ठेवला नव्हता. खिशावरूनच हात जोडून मोकळे व्हायचे. त्या वर्षी रघूमामा म्हणाले, "भावजी, शेवटचो दसरो. आज तरी ठेवा."

रघूमामांनी आयुष्यात त्यांच्याकडे काही मागितलं असेल तर हे एवढंच. काकांनी चाकू पाटावर ठेवला. मॅडम तिथेच उभी होती, ती झेंडूच्या माळा फार लक्षपूर्वक बघू लागली.

दसऱ्याचा दिवस काकांनी कसा काढला ते काकूंकडून कळलं. दिवसभर हात रिकाम्या खिशावरून फिरत होता. दुपारी आपट्याची पानं द्यायला जातो म्हणून निघाले ते रे रोडपर्यंत येऊन गोदामाचं कुलूप ओढून बघून गेले.

दसऱ्यानंतरच्या सकाळी काम होतं करी रोडलाच, त्यांच्या चाळीपासून दहा मिनिटांवरच्या एका टॉवरमध्ये. तळघरातला जुना जनरेटर उतारावरून वर ओढून काढायचा होता. काका घरून परस्पर आले. रघूमामा टेंपोतून दोर घेऊन यायचे होते, त्यांना उशीर झाला, म्हणून तिथल्याच विंचवर आणि दोरावर काम सुरू झालं. ते पोचले तेव्हा वजन अर्ध्या उतारावर होतं आणि टोक काकांच्या डाव्या हातात. उजवा हात ते नेहमी मोकळा ठेवायचे. रघूमामांनी धुतल्या रुमालात गुंडाळलेला चाकू शेजारच्या फळीवर ठेवला, काकांनी नजर वजनावरून न हलवता तो उचलून खिशात टाकला. उघडून पाहिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

इथून पुढे मला मध्ये यावं लागतं, त्याला इलाज नाही. पिंपावरचे वेढे सरकताहेत का, हे बघायला मी वाकलो. गळ्यातली ओळखपत्राची फीत दोराखाली गेली आणि पिंपाने मला खाली खेचलं. दांडा फिरवणाऱ्यांनी लगेच हात थांबवले, पण तोवर माझं डोकं लोखंडापासून वीतभरावर आलं होतं आणि फीत गळ्यात रुतली होती. दांडा उलटा फिरवावा, तर वजनाच्या मागे पाइप बदलणारी दोन माणसं उभी. श्वास आत जाईना. मी फितीत बोटं घालायला बघत होतो, बोटं जाईनात.

काका माझ्या अगदी शेजारी होते. त्यांचा उजवा हात खिशातून चाकू घेऊन आला आणि माझ्या डोळ्यांसमोर थांबला. अंगठा गुंडीवर गेला. पातं हललं नाही. पुन्हा रेटला. नाही हललं. मी इतक्या जवळून पाहत होतो की मला खीळ दिसत होती आणि खिळीभोवती भरलेलं लालपिवळं काहीतरी. चाकूचा जीव खिळीत, हे रघूमामांनी काकांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. म्हणून पूजेत त्यांनी चाकू उघडून, भिजवलेलं हळदकुंकू सगळ्यात जास्त खिळीलाच लावलं होतं, अगदी मायेने, आणि मग मिटवून ठेवला होता. दोन रात्रींत ते वाळून दगड झालं होतं.

काकांनी चाकू तोंडाकडे नेला. तो अर्धा दात मला दिसला. मग हात तिथेच थबकला, आणि त्या माणसाने अशी हाक मारली की वरच्या मजल्यावरची माणसं डोकावली.

"रघू, ये! उघड!"

रघूमामा धावत आले. काकांनी चाकू खाली ठेवला नाही, मूठ तशीच घट्ट धरून हात त्यांच्यापुढे केला. रघूमामांनी आपला उरलेला अंगठा पात्याच्या पाठीला लावला, डाव्या हाताची नखं पात्यावरच्या खाचेत घातली आणि ओढलं. करकरत पातं बाहेर आलं. काकांनी फितीखाली पात्याचं टोक घालून वर उचललं आणि मी मागच्या मागे जमिनीवर बसलो. डाव्या हातातलं दोराचं टोक त्यांनी एवढ्या वेळात तसूभरही सैल सोडलं नव्हतं. दुसऱ्याने ते हातात घेतल्यावरच ते बाजूला झाले.

दवाखान्यात माझ्या मानेचे फोटो काढून झाल्यावर आम्ही दोघे बाकावर बसलो होतो. रघूमामा बाहेर उभे होते, आत यायला तयार नव्हते. माझ्यामुळे झालं, मीच कुंकू लावलं, हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी काकांना म्हटलं, त्यांना आत बोलवा, त्यांची काही चूक नाही. काकांचा हात खिशावर गेला नाही, हे मला नंतर आठवलं.

"गिरणीत त्या दिवशी चार माणसं होती," ते म्हणाले. "माझ्यापासून पाच पावलांवर. पाठमोरी होती. मी हाक मारली असती तर आली असती."

"मारली नाही?"

"मारूक नाय. वाटला, चाकू माझ्याकडे असा, तर मियाच उघडूक व्हयो. दातांनी उघडीत बसलंय."

इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की काका चांगल्या चाकूच्या मागे आहेत. ते स्वतःसुद्धा तसंच समजत असावेत. नागदेवीतली अडीच तासांची परीक्षा, तेलात बुडवलेली बोटं, दिवसभराचा तो खट आवाज, सगळं त्या एका न मारलेल्या हाकेला झाकायला होतं, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मानेच्या पट्ट्यामुळे मला त्यांच्याकडे नीट वळताही येत नव्हतं. ते उठले, बाहेर गेले आणि काचेतून दिसलं की रघूमामांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगताहेत. काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. रघूमामा भिंतीला टेकून खूप वेळ उभे होते.

महिन्याने काका निवृत्त झाले. कंपनीतल्या फिती बदलल्या. आता ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या आल्या, पूर्वा मॅडमने भांडून आणवल्या. काकांना नारळ आणि शाल देताना तिने वाकून नमस्कार केला आणि गुडघा कसा आहे, असं गंभीर चेहऱ्याने विचारलं. काका पहिल्यांदाच तिच्यापुढे हसले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, पुढच्या वर्षीच्या दिवाळीचा डबा द्यायला गेलो तेव्हा. चाळ पाडायची ठरली होती आणि दोन्ही कुटुंबं पुढच्या आठवड्यात गावी चालली होती. खोलीभर बांधाबांध. काका इकडून तिकडे येरझारा घालत होते, बांधलेलं सोडत होते, सोडलेलं पुन्हा बांधत होते, आणि काकू त्यांना एका जागी बसायला सांगून थकल्या होत्या. एका गोणीची सुतळी कापायची होती. चाकू दोन खोल्यांमधल्या खिडकीत पडला होता. काकांनी तो घेतला, मूठ धरली आणि हात नुसता बाजूला केला. रघूमामा माझ्याशी बोलत होते. त्यांनी बोलणं न थांबवता डाव्या हाताने पातं ओढून दिलं. सुतळी कापून झाल्यावर चाकू पुन्हा खिडकीत गेला. खिळीत कुंकू तसंच होतं.

मी म्हटलं, काका, रॉकेलचे दोन थेंब सोडले तर मोकळा होईल.

"होतलो," ते म्हणाले. "ठाऊक असा माका."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि डब्यात घालायला लाडू काढायला आत गेल्या. मी निघालो. जिन्यात आल्यावर सवयीने पाय थबकला. वर काका कशाला तरी लागले असतील, आता खट आवाज येईल, असं वाटलं. आला तो त्यांचा आवाज.

"रघू, ये रे जरा."